वाचकांचे प्रश्न : घरातला पडदा आणि चित्रातला काळोख

गेल्या दोन महिन्यांत दूरदर्शन संच आणि प्रोजेक्टर यांविषयी नाशिक शहरातून व जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून, पाठवणाऱ्यांची नावे न छापता फक्त गाव किंवा परिसर दिला आहे.

प्रश्न : आमच्याकडे १९८५ साली लाकडी शटरचा कृष्णधवल संच होता आणि पुढे बरीच वर्षे २१ इंची रंगीत संच होता. गेल्या दिवाळीत मुलाने ५५ इंची नवा संच आणला. दिवसा त्यावरचे चित्र अतिशय सुरेख दिसते. परंतु रात्री दिवे मालवून एखादा जुना चित्रपट लावला, की त्यातला काळोख काळा न दिसता धुरकट राखाडी दिसतो आणि पडद्याचे कोपरे तर फिकट उजळलेलेच राहतात. जुन्या संचावर असे दिसल्याचे मला आठवत नाही. हा माझ्या डोळ्यांचा दोष आहे की संचाचा? (एक निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड)

उत्तर : बाई, आपले डोळे शाबूत आहेत आणि आठवणही पक्की आहे. आपण विचारलेली गोष्ट ही गेल्या चाळीस वर्षांतल्या संपूर्ण बदलाची किल्ली आहे, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

जुन्या संचाच्या पोटात हवा काढून घेतलेली एक मोठी काचनलिका असे. तिलाच आपण पिक्चर ट्यूब म्हणत असू. तिच्या निमुळत्या मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत, रंगीत संचात सुमारे २५ हजार व्होल्टच्या दाबाने ओढला जाऊन, काचेच्या आतल्या बाजूच्या लेपावर आदळे आणि तो लेप उजळे. मानेभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांतील चुंबकीय बलामुळे हा झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरत राही. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्रासाठी ६२५ ओळी असत, त्यांपैकी ५७६ ओळी चित्राच्या, आणि अशी २५ चित्रे दर सेकंदाला आखली जात. काळ्या जागेवर येताच झोत तेवढ्यापुरता बंद होई. झोत नाही म्हणजे लेपावर उजेड नाही, आणि उजेड नाही म्हणजे काळोख. जुन्या संचाला काळा रंग असा फुकटात मिळत होता.

अर्थात त्याची एक बाजू आपल्या आठवणीतून निसटली असावी. त्या काचेवरचा लेप मुळात फिकट राखाडी असे, त्यामुळे दिवसाच्या उजेडात त्या संचावरचा काळा रंग टिकत नसे. आमच्या वाड्यात १९८७-८८ साली रविवारी सकाळी रामायण पाहायला तीस-चाळीस माणसे जमत, तेव्हा आधी खिडक्या लावून घेण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. गच्चीवर एकाने अँटेनाचा पाइप फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून मुंग्या गेल्या की नाही ते ओरडून सांगायचे, आणि चित्र स्थिर झाले की तिसऱ्याने झडपा ओढायच्या, असा तो क्रम ठरलेला होता.

आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांमुळे रंगीत संच घरोघरी पोहोचू लागले. रंगीत नळीत एकाऐवजी तीन झोत असत आणि लाल, हिरव्या व निळ्या लेपाच्या ठिपक्यांवर ते नेमके पडावेत म्हणून मध्ये बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवलेली असे. काळोख मात्र तसाच राहिला. मग अशी नळी गेली का, तर तिच्या वजनामुळे आणि खोलीमुळे. आत निर्वात पोकळी असल्याने बाहेरची हवा काचेला सतत दाबत असते. नाशिकच्या उंचीवरसुद्धा २१ इंची पडद्याच्या नुसत्या दर्शनी काचेवर हा भार सव्वा टनाहून अधिक भरतो. पडदा मोठा करायचा तर काच जाड करावी लागे आणि नळी मागे लांबवावी लागे. २९ इंची संच हलवायला दोन धडधाकट माणसे लागत, हे ज्यांनी घर बदलले आहे त्यांना सांगायला नको. ५५ इंची नळी दिवाणखान्यात मावणेच शक्य नव्हते.

तिची जागा ज्या द्रवस्फटिक पडद्याने, म्हणजे एलसीडीने घेतली, त्याची रीत मुळातच उलटी आहे. येथे पडद्यामागे दिवा सतत पेटलेला असतो. त्याच्यापुढे द्रवस्फटिकांचा एक पातळ थर असतो आणि विजेच्या इशाऱ्यावर ते स्फटिक प्रकाशाची वाट उघडतात किंवा अडवतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक दार आहे असे समजा. दार कितीही घट्ट लावले तरी फटीतून उजेड झिरपतोच, आणि आपल्याला रात्री दिसणारा राखाडीपणा म्हणजे हा झिरपलेला उजेड. खोलीतल्या दिव्याच्या उजेडात तो जाणवत नाही. खोली अंधारी झाली की उघडा पडतो.

या पडद्यांचेही दोन मुख्य प्रकार आहेत. आयपीएस प्रकारच्या पडद्यावर पांढरा रंग काळ्याच्या साधारण १००० पट उजळ असतो, तर व्हीए प्रकारात हेच प्रमाण ३ ते ५ हजार पटींपर्यंत जाते. मात्र व्हीए पडद्याकडे बाजूने पाहिले तर रंग उडाल्यासारखे दिसतात. आयपीएस बाजूनेही नीट दिसतो. सोफा समोर, दिवाण एका कडेला आणि झोपाळा खिडकीशी अशी आपल्या घरांतली मांडणी असल्याने अनेकांना आयपीएस सोयीचा पडतो. आपल्या वर्णनावरून आपला संच त्याच प्रकारचा असावा.

मध्यंतरी प्लाझ्मा नावाचा एक चांगला पर्याय येऊन गेला. १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात त्याचा शोध लागला होता. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळत असल्याने काळा रंग गहिरा असे. पण वीज आणि उष्णता यांमुळे तो मागे पडला आणि २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्याचे उत्पादन थांबवले. मला त्याची हळहळ अजूनही वाटते. सध्या तेच काम ओएलईडी पडदा करतो. त्यात वीज मिळताच स्वतः उजळणारी सेंद्रिय द्रव्ये असतात; कोडॅक कंपनीतील टँग आणि व्हॅन स्लाइक या संशोधकांनी १९८७ साली अशा दिव्याचा पाया घातला. २००७ मध्ये सोनीने ११ इंची आणि २०१३ मध्ये एलजीने ५५ इंची ओएलईडी संच बाजारात आणला. यात काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. आपल्या १९८५ च्या संचात जे होते तेच एवढा वळसा घेऊन परत आले आहे.

नवा संच घ्या असे मी सुचवणार नाही. आधी संचाची चित्रपद्धती पाहा. दुकानातल्या झगझगाटात उठून दिसावे म्हणून अनेक संचांवर ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ पद्धत लावलेली असते. ती बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. रात्रीच्या वेळी ‘बॅकलाइट’ कमी करा, म्हणजे झिरपणारा उजेडही त्याच प्रमाणात कमी होईल. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत गुणकारी आहे. दिवे पूर्ण न मालवता, संचाच्या मागे भिंतीकडे तोंड करून एक मंद पांढरा दिवा ठेवा. डोळ्यांची बाहुली त्यामुळे थोडी आकुंचन पावते, भोवतालच्या उजेडाच्या तुलनेत पडद्यावरचा राखाडी रंग काळा वाटू लागतो आणि डोळेही शिणत नाहीत.

प्रश्न : घरचा पहिला संच घ्यायचा आहे. दुकानात एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी असे शब्द ऐकून गोंधळ उडाला. शिवाय ‘४के’ नसेल तर चित्र फुटके दिसेल असे एका विक्रेत्याने सांगितले. आमच्या खोलीत पडद्यापासून बसायची जागा नऊ फुटांवर आहे आणि ४३ इंची संच परवडेल. (एक विद्यार्थी, सातपूर)

उत्तर : पहिली तिन्ही नावे एलसीडीचीच आहेत. पूर्वी पडद्यामागे बारीक ट्यूबलाइट असत, आता एलईडी असतात, म्हणून त्याला एलईडी टीव्ही म्हणू लागले. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे. त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. क्यूएलईडीमध्ये रंग अधिक शुद्ध करणाऱ्या क्वांटम डॉट कणांचा थर असतो. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे अतिशय लहान व पुष्कळ असतात आणि चित्राच्या काळ्या भागामागचे दिवे तेवढेच मंद करता येतात, त्यामुळे काळोख बराच सुधारतो. मात्र काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती कधी कधी फिकट वलय दिसते. चौथे नाव तेवढे वेगळ्या जातीचे आहे.

आता ‘४के’विषयी. फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात, ४के पडद्यावर त्याच्या चौपट म्हणजे सुमारे ८३ लाख. निरोगी डोळ्याला एक कलेपेक्षा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापेक्षा लहान कोनातले दोन ठिपके वेगळे ओळखता येत नाहीत. हा हिशेब मांडला तर ४३ इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके सुमारे साडेपाच फुटांच्या पुढे एकमेकांत मिसळतात आणि ५५ इंचीचे सुमारे सात फुटांच्या पुढे. आपण नऊ फुटांवर बसणार असाल तर ४३ इंची पडद्यावर आपल्याला हा फरक दिसणारच नाही. ४के संच त्याच किमतीत मिळत असेल तर अवश्य घ्या, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. ते पैसे पांढऱ्या-काळ्यातील फरकाचे प्रमाण चांगले असलेल्या पडद्यावर खर्च करा. तो फरक नऊ फुटांवरूनही दिसतो.

प्रश्न : आमच्या नव्या सदनिकेचा हॉल चौदा फूट लांब आणि अकरा फूट रुंद असून पश्चिमेला मोठी खिडकी आहे. टीव्हीऐवजी प्रोजेक्टर घेऊन भिंतीवर १०० इंची चित्र पाहावे असे मुलांचे म्हणणे आहे. क्रिकेटचे सामने आणि चित्रपट असा मुख्य उपयोग राहील. ऑनलाइन बाजारात आठ-दहा हजारांत ‘४के’ लिहिलेले प्रोजेक्टर दिसतात. घ्यावा का? (एक गृहिणी, गंगापूर रोड)

उत्तर : ताई, प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. तो फक्त उजेड फेकतो. चित्रातला काळा भाग म्हणजे भिंतीचा जो भाग त्याने उजळला नाही तो, आणि तो किती काळा दिसेल हे आपली खोली ठरवते. तंबूतला सिनेमा किंवा गणेशोत्सवात गल्लीत पांढरा पडदा ताणून १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर दाखवलेला चित्रपट दिवस मावळल्याशिवाय सुरू होत नसे, त्याचे कारण हेच. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि पुढे त्यांच्या चित्रपटनिर्मितीचे ठाणे नाशिकच झाले. त्यांच्या काळापासून प्रोजेक्टरच्या दिव्यात, भिंगात आणि यंत्रणेत सर्व काही बदलले, पण अंधाराची ही अट बदललेली नाही.

आकडे मांडून पाहू. १०० इंची चित्र म्हणजे सुमारे २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२४ सेंटिमीटर उंच, क्षेत्रफळ सुमारे पावणेतीन चौरस मीटर. प्रोजेक्टरचा एकूण उजेड खरोखर १००० ल्युमेन असेल तर भिंतीवर सुमारे ३६० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ३६० ल्युमेन पडतील. दुपारी पातळ पडद्यातून येणारा उजेड त्याच भिंतीवर २५० लक्स असेल असे धरू. मग चित्रातला पांढरा भाग ६१० आणि काळा भाग २५०, म्हणजे जेमतेम अडीच पट फरक. खेळाडू दिसतील, चेंडू शोधावा लागेल. रात्री दिवे मालवून हाच उजेड ५ लक्सवर आणला तर फरक सत्तर पटींच्या वर जातो आणि तेच यंत्र अगदी वेगळे वाटू लागते. पश्चिमेच्या खिडकीमुळे दुपारी साडेतीनचा सामना आपल्याला सर्वांत अडचणीचा ठरेल. जाड, प्रकाश अडवणारे पडदे लावण्याची तयारी असेल तरच पुढे जावे.

आता यंत्राविषयी. डिजिटल प्रोजेक्टरच्या मुख्य जाती दोन. एकीत लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशासाठी तीन लहान एलसीडी असतात. दुसरी डीएलपी, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली तिची चकती शोधली. नखाएवढ्या चकतीवर लाखो सूक्ष्म आरसे असतात आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा कलून उजेड भिंगाकडे पाठवतो किंवा बाजूला टाकतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या आरशांची ही कवायत मला मानवी कारागिरीतले एक आश्चर्य वाटते. घरगुती डीएलपीत रंग एकामागून एक दाखवले जात असल्याने काही जणांना नजर हलवताना इंद्रधनुष्यासारखी चमक दिसते, म्हणून विकत घेण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी प्रत्यक्ष पाहावे. जुन्या पद्धतीच्या पाऱ्याच्या दिव्याचे आयुष्य ३ ते ५ हजार तास असते. लेझरवर चालणाऱ्या यंत्राचे सुमारे २० हजार तास सांगितले जाते. रोज चार तास पाहिले तर पहिला दिवा दोन ते साडेतीन वर्षांत बदलावा लागेल, दुसरा तेरा वर्षांहून अधिक चालेल.

स्वस्त यंत्रांवरच्या ‘४के’ शब्दाच्या शेजारी बहुधा ‘सपोर्टेड’ असा शब्द बारीक अक्षरांत असतो. याचा अर्थ ते यंत्र ४के चित्र आत घेते. बाहेर मात्र आपल्या कुवतीनुसारच दाखवते. विचारायचा आकडा आहे ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’, म्हणजे यंत्राचे स्वतःचे ठिपके किती, आणि तो कित्येकदा १२८० बाय ७२० किंवा त्याहूनही कमी निघतो. उजेडाचा आकडाही ‘अँसी ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन’ असा, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजून लिहिलेला असेल तरच विश्वास ठेवावा. आठ-दहा हजारांच्या यंत्रावर उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्री गच्चीत मुलांना चित्रपट दाखवता येईल आणि त्यात आनंदही आहे, पण रोजच्या टीव्हीची जागा ते घेणार नाही.

अंतर पाहू. ‘थ्रो रेशो’ म्हणजे यंत्राचे भिंतीपासूनचे अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट लागते तो आकडा. तो १.२ असलेल्या यंत्राला २२१ सेंटिमीटर रुंद चित्रासाठी २६५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेनऊ फूट अंतर लागते. आपल्या अकरा फूट रुंदीतही ते बसेल. यंत्र चित्राच्या मध्यरेषेवर सरळ ठेवा; तिरके ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र चौकोनी करता येते, पण त्यात ठिपके वाया जातात. भिंतीला चकाकी नसलेला पांढरा रंग असावा. छत पांढरेशुभ्र असले तर चित्राचा उजेड त्यावर आपटून परत भिंतीवर येतो आणि काळोख पुसतो, याचाही विचार करा.

माझे मत विचाराल तर हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही ठेवा आणि एखादी आतली, लहान खिडकीची खोली असेल तर तिथे प्रोजेक्टर लावा.

प्रश्न : माळ्यावर वडिलांच्या वेळचा रंगीत संच आहे. चालू आहे की नाही माहीत नाही. भंगारवाला शंभर रुपये देतो म्हणतो. द्यावा का? (सिडको)

उत्तर : भंगारात देऊ नये. वेटोळ्यांतील तांब्यासाठी नळी फोडली जाते आणि तिच्या मागच्या निमुळत्या काचेत शिसे असते. ती काच उघड्यावर पडली तर शिसे माती-पाण्यात उतरू शकते. घंटागाडीतही टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. संच स्वतः उघडू नका. नळीत बंद केल्यानंतरही विजेचा भार साठून राहतो आणि त्याचा झटका जबर असतो. मी कामाला लागल्यावर उस्तादांनी पहिल्या दिवशी मला हेच शिकवले होते. संच चालू निघाला तर मात्र अँटेनावर काही येण्याची आशा धरू नका. नाशिकची केबलसुद्धा २०१३ साली, देशाच्या दुसऱ्या टप्प्यात, डिजिटल झाली. पिवळी, पांढरी व लाल पिन असलेला सेट टॉप बॉक्स जोडला तर चित्र येईल.

प्रश्न : १९९१ सालच्या आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे. नातेवाइकांकडे तिची सीडी करून ५५ इंची संचावर लावली, तर माणसे रुंद आणि चेहरे पुसट दिसले. कॅसेट खराब झाली आहे का? (इगतपुरी)

उत्तर : रुंदीचा दोष संचाच्या मांडणीत आहे. आपले चित्रण ४:३ प्रमाणातले आहे आणि नवा पडदा १६:९ चा. ‘स्ट्रेच’ काढून ‘४:३’ निवडा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील आणि माणसे मूळ अंगाची होतील. पुसटपणाची कारणे दोन. व्हीएचएसमध्ये एका आडव्या ओळीत जेमतेम २४० रेषांइतकाच तपशील टिकतो. जुन्या २१ इंची संचावर चित्राची उंची साडेबारा इंच असे, ५५ इंचीवर ती २७ इंच होते. तोच तपशील दुपटीहून अधिक ताणला जातो, शिवाय जुन्या नळीचा झोत ओळींच्या कडा मऊ करून दोष झाकत असे. दुसरे कारण ती सीडी. व्हिडिओ सीडीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांत कोंबले जाते, म्हणजे कॅसेटमध्ये होते त्यातलेही काही गेले.

म्हणून मूळ कॅसेटवरूनच पुन्हा प्रत करून घ्या आणि ती ७२० बाय ५७६ मध्ये करण्यास सांगा. उशीर करू नका, कारण व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवले आणि चालू स्थितीतली यंत्रे दिवसेंदिवस कमी होत आहेत. इगतपुरीच्या पावसात फितीला बुरशी धरण्याची शक्यता मोठी आहे. कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके किंवा जाळे दिसले तर ती यंत्रात मुळीच घालू नका, फीत तुटेल आणि यंत्रही खराब होईल. ती आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी लागते. प्रत झाल्यावर ती दोन वेगळ्या ठिकाणी साठवा, कॅसेट उभी, कोरड्या जागी आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवा, आणि ५५ इंचीवर पाहताना नेहमीपेक्षा चार-पाच फूट मागे बसा.